पिवळ्या धातूचा अडकित्ता

दादा,

तुझ्यावर लिहायला बसले आणि पहिलाच शब्द खोडला. मनमिळाऊ. मग हसतमुख खोडला. कर्तव्यदक्ष लिहिताना तर मलाच कसंतरी झालं. येत्या रविवारी तुझे जुने सहकारी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये जमणार आहेत, तुझ्या आठवणी काढायला. मंगेश म्हणाला, आत्या, तू मराठीची बाई, बाबांवर तूच दोन पानं लिही आणि वाच. तुझ्या मुलाला नाही म्हणणं मला आजवर कधी जमलेलं नाही. पण समोर बसलेली निम्मी माणसं निवृत्त पोलीसच असणार. हे तीन शब्द त्यांच्यातल्या कोणाच्याही नावापुढे लावले तरी खपून जातील, आणि तुला ते कुठे असशील तिथून दिसेल. "ह्यातला मी कुठला गो?" एवढंच तू विचारशील.

म्हणून अडले आहे. तुझी परीक्षा मला पाठ आहे. चार निवृत्त पोलीस ओळीने उभे केले आणि माझं लिखाण वाचून कोणी तुला नेमका उचलला, तर मी पास. नाहीतर फाडून टाक आणि परत लिही.

ही परीक्षा पहिल्यांदा घेतलीस तेव्हा मी सातवीत होते. तू नुकताच पोलिसात लागला होतास आणि रजेवर घरी आला होतास. आम्हाला शाळेत निबंध दिला होता, एखाद्या जुन्या वस्तूचे मनोगत. बाबा संध्याकाळी होडीवरून आले की पडवीत बसून सुपारी कातरायचे, तो त्यांचा पितळी अडकित्ता मी निवडला. 'मी अडकित्ता बोलतोय. आज मी थकलो आहे, पण एके काळी माझाही रुबाब होता.' असं बरंच काही, पानभर. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं. मोठ्या ऐटीत मी वही तुझ्यापुढे धरली. तू सगळं वाचलंस, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, आणि म्हणालास, "अडकित्ता बोलत नाय, बाय. मुद्देमाल बोलायला लागला असता तर आमची नोकरी कशाला होती?"

मग तू उठून शेजारच्या तात्यांचा अडकित्ता मागून आणलास, समोरच्या काकींचा आणलास. आपला त्यांच्यात ठेवलास आणि म्हणालास, आता लिही, तुझं वाचून मला आपला उचलता आला पाहिजे. मी लिहिलं, 'पितळी, जुना, सुंदर नक्षीचा.' तू सरळ काकींचा उचललास आणि खिशात टाकलास. मी रडायला लागले. आयेने तुला चुलीपुढून शिव्या घातल्या की पोरीला कशाला छळतोस, पण तू काही ऐकेनास. परत बघ, म्हणालास. हातात घे. उघड, मीट. घाई कसली आहे?

मी परत बघितलं. खीळ सैल होती, त्यामुळे मिटला तरी दोन दांड्यांमध्ये जरा फट राहायची. पात्याच्या टोकाशी एक बारीक टवका उडालेला. आणि एका दांड्यावरची नक्षी अर्धी गुळगुळीत झालेली, दुसऱ्यावरची शाबूत. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू, आणि मी ती तेव्हा पहिल्यांदा बघितली. नक्षी का गेली तेही मला एकदम कळलं, तिथे बाबांचा अंगठा बसायचा. ते मी आनंदाने लिहिलं. तू वाचून आपला अडकित्ता बरोबर उचललास, शाबास म्हणालास, आणि अंगठ्याच्या वाक्यावर काट मारलीस. तुला अंगठा दिसला काय, विचारलंस. झीज दिसली ना, मग झीज लिही.

मी म्हटलं, पण झीज अंगठ्यानेच झाली. तू म्हणालास, ते तुला वाटतं.

दिसतं ते आणि वाटतं ते, ह्यावरून आपलं तेव्हा जे वाजलं ते शेवटपर्यंत वाजतच राहिलं. तुझा तो धंदाच होता म्हणा. पुढे तू पोलीस ठाण्यात रायटर झालास, पंचनामे लिहायचं काम तुझ्याकडे आलं आणि मग तर विचारायलाच नको. रक्त म्हणायचं नाही, रक्तासारखे दिसणारे डाग म्हणायचं. दारू नाही, उग्र वासाचा द्रव. सोनं तर कधीच नाही, तपासून येईपर्यंत पिवळा धातू. वहिनी घरात आली आणि तिने आठवड्याभरात तुझी भाषा उचलली. ताटात आमटी वाढताना म्हणायची, "आज तांबूस रंगाचा द्रव हाय, चालंल ना?" तू मान खाली घालून जेवायचास. हसू दाबताना तुझे कान लाल व्हायचे, हे मात्र दिसायचं.

तुझ्या रजा म्हणजे माझा अभ्यास. तांब्या, विळी, कंदिलाची काच, दाराची कडी, काही म्हणून तू सोडलं नाहीस. एका मे महिन्यात पेटीतल्या हापूसातला एक आंबा मला नेमून दिलास आणि म्हणालास, ह्याचं लिही. सोनेरी, रसाळ, घमघमीत असं लिहून मी मोकळी झाले. तू पेटीकडे बोट दाखवून विचारलंस की ह्यातला कुठला रसाळ नाही. मग मी पेटीपाशी बैठक मारली. देठाजवळून चीक ओघळून वाळला होता त्याची काळपट रेघ, एका बाजूला पेंढ्याचा दाब पडून आलेली चपटी खूण, आणि पिवळेपणा चढत चढत मध्येच थांबलेला. तू वाचलंस, हात घातलास, तोच आंबा काढलास आणि माझ्यादेखत चोखून खाल्लास. ओळख पटली, म्हणालास, मुद्देमाल नष्ट. इतकी चिडले होते मी. आज वर्गात मुलांना ही गोष्ट सांगते तेव्हा त्यांना तुझा हेवा वाटतो की माझा, हे काही कळत नाही.

पण दादा, तुझ्या त्या शिस्तीने माझं लग्न मोडता मोडता राहिलं, हेही ह्या पानांत यायलाच हवं. रविवारी तुझ्या मित्रांना ते ऐकायचं असणारच.

लग्नाच्या आदल्या दिवशी आयेने तुला सांगितलं, पोरीच्या अंगावर घालायचं आहे ते सगळं एका कागदावर लिहून ठेव, गर्दीत काही हरवायला नको. तू लिहिलंस. तुला येत होतं तसं लिहिलंस. तो कागद दागिन्यांच्या डब्यात राहिला आणि हॉलवर माझ्या मावससासूबाईंच्या हाती लागला. ही सगळी पोफळीच्या कॉलनीतली माणसं, वीजघरात नोकरीला, बोलायला चोख. बाईंनी भर मांडवात वाचून दाखवलं, 'पिवळ्या धातूच्या बांगड्या, जुन्या वापरत्या, पैकी एकीस पोचा.' माझे चुलतसासरे पुढे येऊन म्हणाले, धातू म्हणजे कसला धातू? आणि तू, नवरीचा भाऊ, पाहुण्यांना शांतपणे समजावायला लागलास की तपासून घेतल्याशिवाय सोनं म्हणता येत नाही. बाबांनी डोक्याला हात लावला. मुहूर्त टळायची वेळ आली. शेवटी माझ्या सासऱ्यांनाच हसू फुटलं. ते म्हणाले, अहो, हा मुलगा स्वतःच्या आईच्या बांगड्यांनासुद्धा सोनं म्हणायला तयार नाही, ह्यांच्या घरात खोटं काय निघणार? तेव्हा कुठे अक्षता पडल्या.

पण आये दुखावली ती दुखावलीच. त्या बांगड्या तिच्या लग्नातल्या होत्या, तिने हातातून काढून मला दिल्या होत्या. "माज्या बांगड्यांना धातू म्हणालास रे," एवढंच ती म्हणाली, आणि तू कागदाची घडी घालून खिशात टाकलीस. त्या दिवशी मला वाटलं होतं, आता तरी तुला पटेल की वस्तूत दिसतं त्याहून जास्त असतं. पाठवणीच्या वेळी मी विचारलंसुद्धा. तू नाक पुसत म्हणालास की कागद चुकीच्या हातात पडला, कागद चुकीचा नव्हता.

तू कोरडा होतास असं मात्र मी कोणालाही म्हणू देणार नाही. बाबा गेले त्या दिवशी सगळं आटोपून लोक पांगले, आणि तू पडवीत त्यांच्या जागेवर बसून अडकित्ता उघडत मिटत होतास. मी शेजारी येऊन बसले. तू म्हणालास, खीळ आता पुरतीच सैल झाली. पुढे तो अडकित्ता तुझ्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. एरवी सुपारीला शिवत नसलेला माणूस तू, त्या दिवसापासून कातरायला लागलास.

आता हेदवीचं सांगते. तुला ते निघालेलं आवडायचं नाही, पण आज ऐकून घे.

आपण सगळे चतुर्थीला दशभुज गणपतीला गेलो होतो आणि आये गर्दीत दिसेनाशी झाली. तू लगेच कामाला लागलास. देवळातल्या माणसांना खणखणीत आवाजात वर्णन दिलंस, वय सत्तरीच्या पुढे, अंगाने सडपातळ, हिरवट लुगडं, उजव्या गालावर तीळ. त्यांनी ते लाउडस्पीकरवरून सांगितलं. मग लोकांनी आपल्यापुढे एकेक आजी आणून उभी करायला सुरुवात केली. सगळ्या सडपातळ, सगळ्या हिरव्या लुगड्यातल्या. एकीला तर तीळसुद्धा होता. तू प्रत्येकीला नमस्कार करून परत पाठवत होतास आणि तुझा आवाज बसत चालला होता. मी फुलं विकणाऱ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, कोणाचं तरी रडतं पोर मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी बघितलीत का? त्यांनी मान वर न करता मागच्या बाजूला हात केला. तिथे आये बसली होती, कोणाच्या तरी नातवाला प्रसादाचा शिरा भरवत. वर आपल्यालाच ओरडली, कुठे हरवलात म्हणून.

परतीच्या एसटीत आपण भांडलो. तू म्हणालास, तुझं ते वर्णन नव्हे, अंदाज. मी म्हटलं, वस्तू कशी दिसते ते लिहावं, पण माणूस काय करतं ते लिहावं, माणूस त्यावरूनच सापडतं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "माणूस रोज येगळं करतं, बाय. तीळ जागचा हलत नाय."

हे तुझं वाक्य चांगलं होतं. मी तेव्हा कबूल केलं नाही. वर्षानुवर्षं मी त्याला उत्तर शोधत होते. तू निवृत्त झालास, फोनवर बोट फिरवायला शिकलास आणि रोज सकाळी मला एका वस्तूचं नाव पाठवायला लागलास. फोटो पाठवायचा नाही, हा नियम. मी शाळेत जाण्याआधी चार ओळी लिहून पाठवायचे, तू त्यातला एखादा शब्द तोडून परत पाठवायचास, वर 'वाटतं' असा शेरा. जीर्ण? वाटतं. केविलवाणा? वाटतं. मी वैतागून एकदा 'छान' एवढंच पाठवलं, तर दिवसभर तुझं उत्तर नाही. आता सकाळी फोन वाजत नाही, तरी मी उठल्याबरोबर तो हातात घेते. आज सकाळी मी आपण होऊन मोरीतल्या तपेल्याचं लिहिलं आणि तुझ्या नंबरावर पाठवलं. वेडेपणा आहे, मला माहीत आहे.

तू सावर्ड्याला कलमं बघायला गेलास त्या दिवशीही सकाळी वस्तू आली होती, किटली. मी लिहिलं नाही, कारण शाळेत परीक्षा होती. संध्याकाळी लिहीन म्हटलं.

दिवेलागणीला वहिनीचा फोन आला, हे अजून आले नाहीत, फोन बंद लागतो. ओळखपत्र तू कधी खिशात ठेवायचा नाहीस, जिल्ह्यात मला सगळेच ओळखतात असा तुझा समज. मंगेश चिपळूणला कामावर होता, तो तसाच सावर्ड्याच्या स्टॉपवर गेला. दुकानादुकानांतून विचारलं त्याने. पांढरा शर्ट, काळा चष्मा, डोक्यावर मागे थोडे केस, हातात कापडी पिशवी. शेवटी तुझाच मुलगा तो, वर्णन अगदी तुझ्या पद्धतीचं. लोक म्हणाले, अहो, असे कितीतरी उतरतात, चढतात. त्याने मला फोन केला. आत्या, काय सांगू ह्यांना?

आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं. म्हटलं, विचार, कुठल्या म्हाताऱ्याने कोणाला एखाद्या वस्तूचं वर्णन करायला लावलं का.

फोन चालूच होता. वड्यांच्या गाडीवरच्या बाईंचा आवाज मला ऐकू आला. "ते होय? माज्या किटलीचं वर्णन करायला लावलंनी ते? अरे, त्यांना तर मीच दवाखान्यात नेलं."

त्यांनी मग सगळं सांगितलं. तू चहा घेतलास आणि विचारलंस, ही किटली दुसऱ्या गाड्यांवरच्या किटल्यांत ठेवली तर तुम्हाला ओळखता येईल का? त्या हसल्या, पण गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बघायला लागल्या. कानाला तार गुंडाळलेली, म्हणाल्या. झाकणाची मूठ गेली तिथे बाटलीचं बूच बसवलंय. तू खूश झालास. शाबास म्हणालास, बाकावर बसलास, सुपारी कातरायला अडकित्ता काढलास. मग बसलास तो बसलासच. रिक्षा करून त्यांनीच तुला नेलं.

तासाभराने मंगेशचा परत फोन आला. "आत्या, सापडले," म्हणाला, आणि आईला घेऊन दवाखान्यात ये, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

मी आणि वहिनी पोचलो तोवर पंचनामा सुरू झाला होता. लिहिणारी एक बाई होती, पोलीसच, अक्षर बरं होतं. ओळख पटल्यावर तिने वाचून दाखवलं. एक अनोळखी इसम, वय अंदाजे पासष्ट, रंग सावळा. काळ्या फ्रेमचा चष्मा. कापडी पिशवी, त्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं आंब्याचं कलम. आणि पिवळ्या धातूचा अडकित्ता, जुना वापरता. मला हसू फुटलं, दादा. तू समोर चादरीखाली, वहिनी भिंतीला टेकलेली, आणि मी मोठ्याने हसले. मंगेशने मला धरलं, त्याला वाटलं आत्याचं डोकं फिरलं. मग हसण्याचं रडणं कधी झालं ते मला समजलं नाही.

त्या बाईने थांबून विचारलं, आणखी काही सांगायचंय का? मी डोळे पुसले आणि म्हटलं, अडकित्त्याच्या एका दांड्यावर झीज आहे, तेवढं लिहा. तिने तो उजेडात धरून बघितला आणि लिहिलं. झीज. कोणाच्या अंगठ्याने ते मी सांगितलं नाही. आता त्यात बाबांचा किती आणि तुझा किती, हे मलाही वेगळं काढता आलं नसतं.

कलम वहिनीने मागच्या दारी लावलंय. अडकित्ता ह्या क्षणी माझ्यापुढे आहे. मला दिसायला लागलं ते तुझ्यामुळे, हे तुला कधी तोंडाने सांगितलं नाही. तू त्याच्यापुढे 'वाटतं' लिहून परत पाठवलं असतंस, म्हणून राहिलं असेल.

रविवारी काय वाचायचं ते आता ठरलं. रंग, उंची, चष्मा काही नाही. सावर्ड्याच्या स्टॉपवर कलमाची पिशवी पायाशी ठेवून बसलेला आणि वडेवालीला तिच्याच किटलीकडे नीट बघायला लावणारा माणूस, एवढंच वाचणार. चार सोड, अख्खा हॉल भरून निवृत्त पोलीस असू देत, तुला नेमका उचलतील. मंगेशला तू त्यावरूनच सापडलास. म्हणजे हेदवीपासूनचा तो वाद मी जिंकले.

मला नको आहे ते जिंकणं. एकदा म्हण, दादा, की तो अंदाज, बाय, वर्णन नव्हे. तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे, मी हे सगळं आत्ता खोडते.